नाही, हा दवाखाना नाही

तर झालं असं, की गेल्या जुलैत एका रविवारी मी आणि पप्पांनी मिळून ‘स्टॉकर’ बघितला. आंद्रेई तार्कोव्हस्कीचा, १९७९ सालचा, रशियन, दोन तास चाळीस मिनिटांचा. ठरवून नाही हं. बाहेर आमच्या डिचोलीचा पाऊस, मॅच पावसात वाहून गेलेली, आई साखळीला मावशीकडे, आणि टीव्हीवर यूट्यूब उघडलं तर मॉसफिल्म या रशियन स्टुडिओच्या चॅनेलवर अख्खा सिनेमा फुकटात. मी लावला. मला वाटलं पप्पा दहा मिनिटांत उठून बाल्कांवात जाऊन बसतील. गेले नाहीत. मध्येच मावशीचा फोन आला, काय करताय, म्हटलं स्टॉकर बघतोय, तर म्हणाली शी, पोरींचा पाठलाग करणारा तो स्टॉकर, बापलेकी मिळून असलं काय बघता, पोलीस केसबिस असेल त्यात.

पोलीस आहेत त्यात, पण पहिल्या अर्ध्या तासापुरतेच.

माझी आणि या सिनेमाची ओळख जुनी आहे आणि फारशी अभिमानाची नाही. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीत होतो, तेव्हा मी चौथीत वगैरे असेन, त्यामुळे आमच्या पिढीच्या गोंयकारांना नोव्हेंबर म्हणजे तो फेस्टिवल हे गृहीतच. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी पहिल्यांदा स्टुडंट पास काढला, गळ्यात ते कार्ड घालून आयनॉक्सच्या बाहेर रांगेत उभी राहिले आणि स्वतःला फार कोणीतरी समजायला लागले. त्या रांगेत कोल्हापूरहून आलेले एक काका होते, पिशवीत भाकरीचा डबा, हातात शेड्यूलचा कागद त्यावर पेनने गोल केलेले, ते म्हणाले पोरी तू अजून स्टॉकर बघितला नाहीस? आधी तो बघ, मग रांगेत उभी राहा. मला ते लागलं. ताळगावला पीजीच्या खोलीत लॅपटॉपवर तीन रात्रीत मिळून बघितला, तिन्ही रात्री झोपले, आणि शेवटी स्टेटस टाकलं ‘अर्थाच्या शोधात निघालेली तीन माणसं, आणि चौथी मी’. आता आठवलं तरी कान गरम होतात. चौथी मी तर पहिल्या वीस मिनिटांत गेले होते!

(एक मात्र सांगते, झोप येणं हा गुन्हा नाही. सिनेखात्याच्या साहेबांनी म्हणे तक्रार केली होती की सुरुवात फार संथ आहे, तर तार्कोव्हस्की म्हणाला ती अजून संथ आणि कंटाळवाणी हवी, म्हणजे चुकून या थिएटरात शिरलेल्या लोकांना उठून जायला वेळ मिळेल.)

यावेळी फरक एवढाच होता की पप्पांना इंग्रजी सबटायटल भराभर वाचता येत नाहीत. पेपर ते मराठी वाचतात, पहिल्या पानापासून श्रद्धांजलीपर्यंत, पण खाली पळणारी इंग्रजी ओळ म्हणजे नको. मग मी मोठ्याने सांगायला लागले. आमच्या घरात बोलणं अर्धं कोकणी अर्धं मराठी, त्याच भाषेत. आणि तेव्हा मला या सिनेमाचा एक गुण कळला जो कुठल्याच समीक्षेत लिहिलेला नाही, तो म्हणजे शेजारी बसून अनुवाद करणाऱ्या माणसासाठी यापेक्षा सोयीचा सिनेमा नाही. माणूस एक वाक्य बोलतो, मग तीन मिनिटं गवत. तुम्ही वाक्य सांगा, चुकलं असेल तर दुरुस्त करा, चहाचा घोट घ्या, तरी गवतच चालू. सगळ्या सिनेमात मिळून दीडशेसुद्धा शॉट नाहीत, एकशे बेचाळीस आहेत, आजकालच्या एका गाण्यात तेवढे असतील.

गोष्ट तशी एका दमात सांगता येते. कुठल्याशा देशात एक प्रदेश आहे, त्याला झोन म्हणतात, तिथे काहीतरी घडून गेलंय, उल्का पडली की बाहेरचं कोणी येऊन गेलं ते माहीत नाही, सरकारने कुंपण आणि बंदुका लावून तो बंद केलाय. आत एक खोली आहे. त्या खोलीत जो जाईल त्याची मनातली इच्छा पुरी होते. चोरून तिथे माणसं नेऊन आणणारा जो वाटाड्या, तो स्टॉकर. तो एका लेखकाला आणि एका प्रोफेसरला घेऊन जातो. बस. राक्षस नाही, यंत्रं नाहीत, आकाशातून काही उतरत नाही, सगळी भीती त्या स्टॉकरच्या चेहऱ्यावर. मूळ कादंबरी स्ट्रुगात्स्की भावांची, १९७२ ची, ‘रोडसाइड पिकनिक’, आणि त्यातली कल्पना मला सिनेमापेक्षाही आवडते: परग्रहावरचे आले, थांबले, खाऊनपिऊन कचरा टाकून निघून गेले, माणसांकडे बघितलंसुद्धा नाही, आणि आपण तो कचरा हातात घेऊन याचा अर्थ काय म्हणून डोकी फोडतोय. हरवळ्याच्या धबधब्याकडे सोमवारी सकाळी जाऊन बघा. बियरच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, एक चप्पल. तिथल्या मुंग्यांना काय वाटत असेल!

पप्पांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे खाणवालेच की."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. पप्पांचा ट्रक होता. एकच, स्वतःचा, कर्जावर घेतलेला, खाणीवरून जेटीपर्यंत खनिज मारायचा, पुढे बार्जमधून मांडवीतून मुरगावला. आमचं घर त्याच रस्त्याला. ट्रक गेला की कपाटातली भांडी वाजायची, दुपारी खाणीवर ब्लास्टिंग झालं की टेबलावरचा पेला स्वतःहून दोन बोटं सरकायचा, आजी तो न बघता हाताने अडवायची आणि तांदूळ निवडत राहायची. तर सिनेमाच्या सुरुवातीला काय आहे माहितीये? एक खोली, मोडकी, सगळं तपकिरी रंगात, पलंगाशेजारी स्टूल, त्यावर पाण्याचा ग्लास, बाहेरून रेल्वे जाते आणि तो ग्लास थरथरत सरकायला लागतो. पप्पा पाय वर घेऊन बसले होते ते खाली घेतले. "ब्लास्टिंग!" म्हणाले. मी म्हटलं रेल्वे आहे. म्हणाले तेच ते. मला वाटतं ते उठून का गेले नाहीत त्याचं कारण हा ग्लास, बाकी अर्थबिर्थ काही नाही.

मग तो ट्रॉलीचा प्रसंग. तिघे रुळावरच्या छोट्या मोटर ट्रॉलीवर बसून झोनमध्ये शिरतात. जवळजवळ चार मिनिटं कॅमेरा फक्त त्यांच्या चेहऱ्यांवर नाहीतर मानेवर, मागे धूसर काहीतरी पळतंय, आणि रुळांची खडखड. ती खडखड हळूहळू बदलत जाते, संगीतकार एदुआर्द आर्तेम्येवने सिंथेसायझरवर तिचं असं काही केलंय की कधी ती खडखड राहिली नाही आणि मनातल्या मनात वाजायला लागली हे कळत नाही, आणि तुम्ही पेंगायच्या बेतात असताना कट, एकदम हिरवं, रंगीत. त्या हिरव्यासाठी आधीचं सगळं तपकिरी सहन करायचं. ताळगावला मी नेमकी इथेच झोपले होते दोनदा. यावेळी मी पप्पांना म्हटलं, कंटाळा आला तर पुढे घेऊ? तर ते म्हणाले, "पहाटेच्या पहिल्या ट्रिपला असंच असतं गो. कोण बोलतं?"

झोनमधला स्टॉकर वाट कशी शोधतो, तर लोखंडी नटला पांढऱ्या बँडेजची पट्टी बांधतो, पुढे फेकतो, तो पडला तिथपर्यंत चालायचं, मग पुन्हा. सरळ रस्ता समोर दिसतोय, हाकेच्या अंतरावर ती इमारत आहे, पण नाही, वळसा. लेखक वैतागतो आणि सरळ चालायला लागतो. पप्पा लेखकाच्या बाजूने होते. पूर्ण सिनेमाभर ते लेखकाच्या बाजूने होते, स्टॉकर त्यांना फसवा वाटला. "भटजीसारखा करतोय," म्हणाले, "रस्ता याने स्वतःच अवघड केलाय, सोपा असला तर दक्षिणा कोण देणार?" मला हे पटलं नाही, पण खोडताही येईना, कारण शेवटाकडे लेखकही जवळपास हाच आरोप करतो.

आणि ते पाणी. झोनमध्ये सगळीकडे पाणी आहे, साचलेलं, खाली फरश्या, सिरिंज, नाणी, स्प्रिंगा, एक देवाचं चित्र, कॅमेरा त्यावरून इतका सावकाश सरकतो की आपण पाण्यावर पालथे पडून बघतोय असं वाटतं. एका जागी नदीवर पांढरा फेस तरंगत जातो. मला ते सुंदर वाटलेलं पूर्वी, काव्यात्म वगैरे. पप्पा म्हणाले, "हे पाणी बरं न्हय गो."

मी थांबवला सिनेमा. कारण हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. शूटिंग झालं एस्टोनियात, टालिनजवळच्या यागला नदीवर, जुन्या वीजकेंद्रापाशी, आणि वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना होता. त्या सिनेमाचा साउंडवाला व्लादिमीर शारून याने पुढे सांगितलं की तो फेस म्हणजे विषच होतं, युनिटमधल्या बायकांच्या अंगावर ॲलर्जी उठली होती. लेखकाचं काम करणारा अनातोली सोलोनित्सिन १९८२ मध्ये कॅन्सरने गेला, तार्कोव्हस्की १९८६ च्या डिसेंबरमध्ये पॅरिसला, फुप्फुसाच्या कॅन्सरने, पुढे त्याची बायको लारिसा पण कॅन्सरनेच. शारूनचं म्हणणं होतं की हे सगळं त्या नदीमुळे. आता ते सिद्ध कोण करणार, आणि आमच्याकडेही असली गोष्ट कधी सिद्ध होत नाही. पण पप्पांनी ते नुसतं बघून ओळखलं. शेतात उतरलेला खाणीचा लाल चिखल आणि बंद पडलेल्या पिटमध्ये साचलेलं ते हिरवंनिळं पाणी, टूरिस्ट ज्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात, ते त्यांनी वर्षानुवर्षं बघितलंय. पाणी नितळ दिसतंय याचा अर्थ ते चांगलं आहे असं नाही हे त्यांना कोणी शिकवायला नको.

थांबवलाच होता तर मग मी त्यांना शूटिंगची दुसरी गोष्ट पण सांगितली. आधी ताजिकिस्तानात करायचं ठरलेलं, तिथे भूकंप झाला. मग एस्टोनियात १९७७ मध्ये जवळजवळ सगळं बाहेरचं शूटिंग उरकलं, कोडॅकची परदेशी फिल्म, आणि मॉस्कोच्या लॅबमध्ये धुताना सगळी वाया. सगळी! कॅमेरामनशी भांडण, तो गेला, दुसरा आला. सिनेमा तिथेच मरायचा, पण तार्कोव्हस्कीने आता दोन भागांचा सिनेमा करतो म्हणून सरकारकडून नवे पैसे मंजूर करून घेतले. पप्पा इतके खूश झाले यावर! "शाणो," म्हणाले. "आम्ही पण बँकेला दोन ट्रक दाखवायला हवे होते."

आता जे सांगणार आहे त्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

सिनेमात साळींदर नावाच्या माणसाची गोष्ट येते. पप्पांना नावावरून हसू आलं, मलाही. हा साळींदर स्टॉकरचा गुरू. त्याच्यामुळे त्याचा भाऊ झोनमध्ये मेला. मग साळींदर त्या खोलीत गेला आणि भाऊ परत दे म्हणाला. घरी आला तर पैसाच पैसा. आठवड्याभरात त्याने गळफास लावून घेतला. का, ते लेखक अगदी शेवटी, खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहून उलगडतो. खोली तुम्ही तोंडाने जे मागता ते देत नाही, तुम्हाला खरोखर जे हवं असतं ते देते. साळींदरला भाऊ नको होता. त्याला पैसा हवा होता, आणि ते त्याला स्वतःला तोपर्यंत माहीत नव्हतं.

हे मला पप्पांना मोठ्याने सांगायचं होतं. ‘मनातली इच्छा’ म्हणून भागेना, कारण भाऊ पण मनातलाच की. मी म्हटलं, पोटातलं. तोंडातलं मागणं वेगळं आणि पोटातलं वेगळं. आणि एवढं बोलून मी अडकले. समोर माणसं बोलतायत, खाली ओळी येतायत आणि जातायत, पप्पा माझ्याकडे बघतायत की पुढे काय म्हणाला.

२०११ मध्ये, दहावीला, मी सातेरीकडे गाऱ्हाणं घातलं होतं. कोणाला न सांगता, क्लासवरून येताना, पाच रुपये ठेवून. आजीला खोकला होता, रात्ररात्र, आणि आई म्हणायची ही धूळ. म्हणून मी म्हटलं देवी माते, आजीचा खोकला जाऊ दे, हे ट्रक बंद कर. असं सगळं स्पष्ट बोलले, आजीचं नाव घेऊन. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबर २०१२ ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. मला काही वेड लागलेलं नाही, कोर्ट माझ्या पाच रुपयांनी हललं नाही हे मला कळतं, बेकायदा खाणकामाचे ढीगभर कागद होते त्यामागे. पण सोळा वर्षांच्या मुलीला ते कळत असलं तरी पुरत नाही.

ट्रक बंद झाले. आजीचा खोकला गेला नाही. ती २०१४ मध्ये वारली आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत खोकत होती, डॉक्टर म्हणाले चुलीचा धूर, वय, सगळंच. पप्पांचा ट्रक दारात उभा राहिला, आधी रोज पुसायचे, मग आठवड्याने, मग त्याच्या टपावर कोंबड्या चढायला लागल्या, हप्ते थकले, बँकेचा माणूस अंगणात खुर्चीवर बसून चहा न घेता बोलून जायचा. २०१५ मध्ये तो भंगाराच्या भावात गेला. आणि माझा युनिफॉर्म, पांढरा शर्ट, जो आई रोज धुऊन घरात आतल्या खोलीत वाळत घालायची तरी गुलाबी व्हायचा आणि ज्यावरून वर्गातल्या पणजी-म्हापशाकडून आलेल्या मुली मला ‘मायनिंग’ म्हणायच्या, तो शर्ट त्या ऑक्टोबरपासून पांढराशुभ्र राहिला. अकरावी-बारावी दोन्ही वर्षं.

मी म्हटलं, "पप्पा, त्याला भाऊ नको होता, पैसे हवे होते, म्हणून त्याने जीव दिला." पप्पा "हं" म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण मागितला तर होता ना भाऊ. ते पण धरायला पाहिजे की थोडं."

लोक या सिनेमाबद्दल लिहिताना अर्थाचा शोध अर्थाचा शोध करतात, मीही केलं होतं. मला आता वाटतं ती तिघं काही शोधत नाहीत, ती सापडेल म्हणून घाबरलेली आहेत. प्रोफेसर पाठीवरच्या पिशवीतून बॉम्ब घेऊन आलेला असतो, खोली उडवायला, तो शेवटी त्याचे तुकडे करून पाण्यात टाकतो. लेखक आत जात नाही. स्टॉकर स्वतः तर कधीच जात नाही. अडीच तास चालून तिघे उंबऱ्याबाहेर बसून राहतात, एकमेकांना टेकून, आणि आत पाऊस पडतो, आणि थांबतो. तेवढंच.

त्याच्या आधी एक फोन वाजतो तो मात्र मला फार आवडतो. खोलीच्या अगदी तोंडाशी, पडझडीत, इतकी वर्षं माणूस फिरकलेला नाही अशा जागी टेबलावरचा जुना फोन वाजतो. लेखक उचलतो आणि वैतागून म्हणतो, "नाही, हा दवाखाना नाही," आणि ठेवून देतो. राँग नंबर! जगातली सगळ्यात पवित्र जागा आणि तिथे कोणीतरी दवाखान्याची चौकशी करतंय. पप्पा जोरात हसले, मग विचारलं, "बिल कोण भरतं याचं?" मी सबंध सिनेमात एवढा चांगला प्रश्न ऐकला नाही.

स्टॉकर घरी येतो तेव्हा रडतो, की कोणाचाच विश्वास नाही, कोणाला ती खोली नकोच आहे. बायको त्याला झोपवते आणि मग कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, बघून बोलते, की आई सांगत होती याच्याशी लग्न नको, त्रास होईल, तो झालाच, पण पश्चात्ताप नाही. अलिसा फ्राइंडलिख असं तिचं नाव, त्या काही मिनिटांत ती तिन्ही पुरुषांना खाऊन टाकते. इथे पप्पा गप्प. आई साखळीहून यायची वेळ झाली होती.

शेवटी त्यांची मुलगी. तिला चालता येत नाही. टेबलाशी बसून पुस्तक वाचते, मग मान टेबलावर टेकवते आणि नुसती बघते, आणि टेबलावरचे ग्लास एकेक करून सरकायला लागतात. कुत्रं कण्हतं. एक ग्लास कडेपर्यंत जातो आणि खाली पडतो. मग बाहेरून रेल्वे येते आणि सगळंच थरथरायला लागतं, त्यामुळे मघाशी रेल्वेने सरकले की मुलीने सरकवले अशी शंका यायला जागा राहते, पण नाही, रेल्वे नंतर येते, मी नीट बघितलंय.

पप्पांनी रिमोट मागितला. त्यांना दोरा बघायचा होता. मी म्हटलं दोराच असणार, बारीक, नायलॉनचा. ते म्हणाले, न्हय, लोहचुंबक, टेबलाखालून कोणीतरी फिरवतंय. मी म्हटलं पप्पा काच आहे, काचेला चुंबक कसा लागेल. म्हणाले बुडाला पत्र्याची चकती चिकटवलेली असणार. उठून आतून स्टीलचा पेला आणला, टिपॉयवर ठेवला, खाली वाकून बघितलं, आमच्याकडे चुंबक नव्हता. चार वेळा बघितलं आम्ही ते. डिचोलीची खाण आता परत चालू झालीय, लिलाव होऊन, रस्त्याला पुन्हा ट्रक दिसायला लागलेत, त्याबद्दल पप्पा काही बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

"परत मागे घे," ते म्हणाले. "आता मी पोरीकडे बघत नाही, फक्त टेबलाकडे बघतो."